दर चौदा दिवसांनी

तिमाही आढावा. कॉव्हेंट्री, दुसरा मजला.
खिडकीबाहेर रिंग रोड, टेबलावर आल्याची बिस्किटं.
डॉक्टर टेनंट चष्मा कपाळावर सरकवून म्हणतात,
नेहमीसारखं : नावं नकोत, क्रमांक सांगा.

एकेक नर्स परवचा म्हटल्यासारखी बोलते :
वय, वॉर्ड, थुंकी पॉझिटिव्ह की निगेटिव्ह,
घरातले किती तपासले, किती हुकले,
गोळ्या संपल्या का.
संपल्या.
संपल्या.
लंडनहून आलेला एक मुलगा लॅपटॉपवर
आमच्या पायपिटीची टक्केवारी करतो.

अकरावा माझा.
पुरुष, एकसष्ट. पत्ता : होडी.
मुलाची बोटं थांबतात.
त्याच्या रकान्याला पोस्टकोड लागतो,
पोस्टकोडशिवाय माणूस पुढच्या पानावर जात नाही.

मी सांगते, कालव्याचा नियम आहे :
कायमचा धक्का नसलेली होडी
चौदा दिवसांहून जास्त एका जागी बांधायची नाही.
आमचाही नियम आहे : सहा महिने,
आठवड्यातून तीनदा, कुणीतरी समोर बसायचं
आणि गोळ्या घशाखाली उतरताना बघायच्या.
दोन्ही नियम शहाणे.
त्यांची एकमेकांशी ओळख तेवढी कुणी करून दिली नव्हती.

होडीचं नाव सांगायला हरकत नसावी : डोरीन.
कोण डोरीन, मी विचारलं नाही.
हॉक्सबरीच्या चिखलात बूट रुतवत जायचे,
तो शेगडीच्या कडेला गोळ्या ओळीनं मांडून बसलेला.
लघवी केशरी होते म्हणाला, बाई,
रोज सकाळी माझ्याकडे सूर्य मावळतो.

मिरजेला शिकत होते तेव्हा
तातोबा कंपाउंडर रात्रपाळीला चंद्र दाखवायचा.
दक्षाचा शाप, राजयक्ष्मा.
पंधरा दिवस खंगतो, पंधरा दिवस अंग धरतो,
बरं वाटलं की पथ्य सोडतो, पुन्हा खंगतो.
औषध अर्धवट टाकणारा पहिला पेशंट हा, म्हणायचा,
आणि याच्या घरी जाणार कोण?

भिंतीवर आमच्या कार्यक्रमाचा तक्ता आहे.
वर मंत्रालय, मग विभाग, मग जिल्हे, तळाला आम्ही.
सगळे बाण वरून खाली येतात.
होडी आडवी जाते.

तर ती रग्बीला गेली, तेव्हा मी फिलोमिना अचिएंगला फोन केला.
पूल एकोणसाठ, पलीकडे तिसरी, चिमणीला निळा पट्टा.
ब्रॉन्स्टनला सोर्शा. पुढं ग्लेनिस,
जी निवृत्तीला आली होती आणि कुत्र्यांना घाबरते,
होडीवर कुत्रे दोन.
असा आदेश कुठल्याच फायलीत नाही.
विहिरीवरून घागरी द्याव्यात तसा दिला आम्ही त्याला,
या हातचा त्या हाताला, न सांडता.
मध्ये कोळशाच्या होडीवरची बाई तपासली,
तिच्यात सुप्त निघाला. तिच्याही गोळ्या सुरू.
ती तर रोजच गाव बदलते.

अठ्ठ्याहत्तर वेळा गिळायच्या होत्या.
सत्त्याहत्तर आम्ही पाहिल्या.
शेवटची, ग्लेनिस गुडघा धरून घरी असताना,
स्टोक ब्रुअर्नच्या लॉकवर.
दारं उघडणाऱ्या म्हाताऱ्या स्वयंसेवकानं
वहीत लिहून ठेवलं, होड्यांच्या नोंदींमध्येच :
डोरीन, दक्षिणेकडे, दहा चाळीस. गोळ्या घेतल्या. जीभ दाखवली.

हे ग्राह्य धरायचं का? मुलगा विचारतो.
उद्धटपणे नाही, त्याला खरंच माहीत नाही.
पत्ता काय टाकू, हेही नाही.

टेनंटबाई बिस्किट मोडतात. खात नाहीत.
यांच्याबद्दल मला बरंच काही आवडत नाही :
उशिरा येणाऱ्याला दारात उभं करणं,
माझं आडनाव सहा वर्षांत एकदाही नीट न उच्चारणं.
चष्मा खाली घेतात.
वही पाहिलीत तुम्ही?
पाहिली. फोटो आहे.
मग ग्राह्य.
आणि पोस्टकोड या इमारतीचा घाल.
कुणाचा कुठंच नसेल, तर तो आपला.

मुलगा टाइप करतो. पान पुढं सरकतं.

हं, बारावा कुणाचा?