आठवी ब, सामायिक फाइल

फाइल उघडली की आधी कर्सर दिसतात,
निळा, पोपटी, वांगी,
कट्ट्यावर पाय हलवत बसलेल्या पोरांसारखे
जागच्या जागी लुकलुकणारे.

पहिल्या दिवशी कुणी नाव घातलं नव्हतं,
तर फाइलनंच जनावरांची नावं वाटली:
निनावी कोल्हा, निनावी कासव,
आणि एक कुठलंसं, जे लेंगऱ्याच्या माळावर
कधी कुणी बघितलेलं नाही.
"सर, कासव कोण?" यातच तास संपला.

काम साधं होतं. गावातले शब्द गोळा करायचे.
घरी विचारा, लिहा, दुसऱ्याचं खोडू नका.
आठवड्याभरात प्रज्योत मानेनं सगळं खोडलं.
चौदा पानं. पांढरंफटक.
तपासणीला साहेब आले तेव्हाही
वर्ग इतका गप्प नव्हता.
मग मी फाइलचा इतिहास उघडून
कालची दुपार जशीच्या तशी परत आणली,
आणि प्रज्योतनं, कान लाल, विचारलं,
"सर, हे फक्त फाइललाच करता येतं?"

मुबीना मुलाणी वर्गात बोलत नाही.
हजेरीला नुसता हात वर.
रात्री साडेदहाला घरातला फोन मोकळा झाला
की ती येते, पोपटी,
आणि माझ्याच चुका काढते:
'सर, कोरड्यास म्हणजे सुकी भाजी नव्हं.
पातळ असलं तरी कोरड्यासच.'

दिवाळीनंतर आदिनाथ बाबरनं दाखला नेला.
वडलांचं गलाईचं दुकान, सेलमला.
हजेरीपटावर मी लाल रेघ ओढली,
फाइलमधून काढायचा तेवढा राहून गेला.

जानेवारीत एका संध्याकाळी 'म'च्या रकान्यात
नारिंगी कर्सर.
'मूस : सोनं वितळवायचं भांडं.
तापली की आधी लाल दिसते, मग पांढरी.'
थोडं थांबून, त्याच रकान्यात,
'इथल्या शाळेत मला कुणाचं काय कळत नाही.
तुमचं कुठवर आलं?'

मिनिटाभरात त्या एका ओळीवर अकरा कर्सर.
'समीकरणं चालू. तुझ्या बाकावर दप्तरं ठेवतो.'
'नळ अजून गळतोय.'
'प्रज्योतनं सगळं पुसलं होतं, सरांनी आणलं.'
'भट्टीपाशी बसून अभ्यास करू नको.'
'हे कोण? मुलाणी?? ही बोलते??'

अर्थाच्या रकान्यात अर्थच लिहायचा,
हा नियम माझाच.
ओळी निवडून झाल्या, निळ्या झाल्या,
बोट बटणावर होतं.
पलीकडं कुणीतरी अजून लिहीत होतं.
मी लॅपटॉप मिटला.

आज सकाळी हजेरी घेताना
लाल रेघेवरून नजर घसरली, तोंडातून गेलं, "बाबर."
पोरं हसली.
"ऑनलाइन हाय, सर," खिडकीकडून कुणी म्हणालं.

तो आवाज
मला चटकन ओळखता आला नाही.