डावीकडचं दार

मारुती शहाण्णवची. डाव्या दाराचा तळ असा सुटला
की बोट लावलं तर खपली निघायची,
पत्रा कसला, बरणीच्या बुडाचा बिस्किटचुरा.
नदाफचाचांनी हातोडीची मूठ टेकवली फक्त.
"वेल्डिंग धरायचं नाही ह्यात. दुसरं दार बघा, ताई."

अक्कलकोट रोडला, उन्हाच्या भर तोंडी,
यन्नमच्या भंगाराच्या आवारात
दारं भिंतीला लागून उभी,
शाळेत उशिरा आलेल्या पोरांसारखी.
कुणाला आरसा नाही, कुणाची काच अर्ध्यात अडकलेली.
आमची गाडी पांढरी. तिथं पांढरं एकच, तेही चेपलेलं.
आणि एक निळं. बिजागऱ्या ताठ,
रबर शाबूत, खाली गंजाचा ठिपका नाही.

मी युनिफॉर्म शिवते.
पांढरं म्हणजे एकच पांढरं नसतं, हे मला कुणी सांगायला नको.
एका ताग्याची बाही दुसऱ्या ताग्याच्या पाठीला लागली
की हेडबाई पहिल्याच प्रार्थनेला बोट ठेवतात.
म्हटलं, निळंच द्या.
निदान चोरून तरी बसणार नाही.

अठराशेचं चौदाशेवर आलं,
काच फिरवायचा दांडा वर फुकट.
यन्नम तेलुगूत ओरडला, पोरगं पान्हा घेऊन आलं.
मी सहज विचारलं, गाडी कुणाची?

"कलबुर्गीकडची. पुढून सगळी गेली."
हात पुसत राहिला. फडकं हातापेक्षा काळं.
"हे दार उघडलं होतं मात्र."

आतून की बाहेरून, ते त्यानं सांगितलं नाही.
मी पैसे मोजले. दोनदा मोजले.

चाचांनी आतलं पॅनेल काढलं तेव्हा
मूठभर माती निघाली, आपल्यासारखीच काळी,
दोन चिंचोके, शेंगेचं फोलपट,
केसांची एक पिन.
ते झटकणार, तेवढ्यात मी म्हटलं,
पिन राहू द्या.
चाचांनी माझ्याकडे पाहिलं नाही.
पिन आत सोडली, क्लिपा ठोकल्या,
एक, दोन,
तिसरी मोडकी होती, तिथं तार.

आता गाडीला किल्ल्या दोन.
एक जुनी, दात झिजून गुळगुळीत,
एक नव्या पेठेत पाडून घेतलेली, खिशाला टोचणारी.
जुनं दार दोनदा आपटावं लागायचं.
हे एकदाच लागतं, हलकेच,
घरात कुणी रात्रपाळी करून झोपलंय असं.

होटगी रोडच्या खड्ड्यांत पिन वाजते.

रंग कधी मारायचा, चाचा विचारतात.
शाळांची बिलं सुटली की.
जूनची बिलं ऑगस्टात सुटली,
त्यात ओव्हरलॉकची मोटर जळाली, दोऱ्यावाल्याचं थकलेलं दिलं.

परवा एका शाळेत गठ्ठे उतरवायला गेले.
शिपाई गाडीभोवती फिरून म्हणाला,
"बाई, सगळ्यांना सारखे कपडे शिवता,
गाडीचीच बाही वेगळी का?"

मला हसू आलं.
उतरायला उजवं दार उघडलंच होतं,
ते ओढून घेतलं,
गिअरवरून पाय टाकला, साडी सावरली,
आणि त्या बाजूनं उतरले.