आधी खण

ओरिस्या म्हणाली, आधी खण.

मी पट्टा आवळून तयार,
दोन्ही आकडे मांडीशी झुलताहेत,
समोर पंचवीस मीटरचा मनोरा.
सस्कॅचवानच्या या सपाटीवर आता तेवढंच उभं आहे,
धान्याचं कोठारसुद्धा दोन वर्षांपूर्वी पाडलं.
वर अँटेनाचं एक बोट वाकलंय मागच्या बर्फानं,
वारा आला की ते कुरकुरतं
आणि तिच्या हेडफोनमध्ये खरखर उतरते.
शनिवारी स्पर्धा. आज गुरुवार.
आणि ही म्हातारी म्हणते,
आधी खण.

तारा ठणठणीत आहेत, मी म्हणालो,
ताण मोजलाय तिन्ही दिशांचा,
टर्नबकल फिरू नये म्हणून आडवी तारही ओवलीय.
वरचं काय, कुणालाही दिसतं,
असं म्हणून तिनं फावडं पुढे केलं.
ट्रान्समीटरचा फ्यूज तिच्या एप्रनच्या खिशात.
कुणी वर असताना खाली कुणाचा हात चुकून
बटणावर पडू नये, म्हणून तो नेहमी तिथेच.

तिचे नियम गावाला पाठ आहेत.
विजेच्या तारेपासून खांबाच्या उंचीच्या दुप्पट,
वर दहा पावलं.
ती ती पावलं दरवेळी मोजते,
जागा तीच असली तरी,
तार तीच असली तरी.
एकोणीस वर्षांची असताना
दोन भावांनी अंगणात एक नळी उभी केली होती,
तिसरं टोक तिच्या हातात होतं.
दोर कोरडा होता, ती म्हणते.
एवढंच.
पुढचं कुणी विचारत नाही.

टोबियास पेनरनं दोन पेचदार खुंट
जमिनीत पिळून घातले, तात्पुरती तार ताणली,
मग मी माती काढू लागलो.
वीतभर काळी, मग पिवळा चिकण.
मातीवरचा गज अंगठ्याएवढा,
जस्त माशाच्या पोटासारखं चकचकीत.
हातभर खाली तो पेन्सिलीएवढा झाला.
शिळ्या भाकरीचे सुटावेत
तसे पापुद्रे सुटत होते.
मी नखानं खरवडलं,
नख आत गेलं.

मागच्या जूनमध्ये मी वर होतो.
टोकाशी बसून सँडविच खाल्लं होतं,
पेनरांच्या मोहरीचा पिवळा रंग बघत.
एक आकडा लागल्याशिवाय दुसरा सोडला नव्हता,
एकदाही नाही,
आणि मनोरा स्वतः कशाला धरून होता?
सवयीला, बहुधा.

ओरिस्या खड्ड्याच्या काठावर उकिडवी बसली.
शाबास म्हणाली नाही, बघ म्हटलं नव्हतं का, तेही नाही.
मेथडीनं बसवलेला, म्हणाली,
आमच्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी.
आणि उरलेल्या दोन कोपऱ्यांकडे
बोट दाखवलं.

संध्याकाळपर्यंत तिन्ही खणले.
दुसराही गेलेला, तिसरा बरा.
नवं काँक्रीट मुरायला महिना,
तोवर वर कुणी नाही.
आम्ही मनोऱ्याभोवती त्याच्या उंचीएवढी लाल फीत फिरवली.
खुराडं फितीच्या बाहेर नेलं.
कोंबड्या रात्रभर जुन्या जागी जाऊन बसत होत्या,
टोबियास त्यांना एकेक उचलून आणत होता
आणि मेनोनाइट माणसाला न शोभणारे शब्द बोलत होता.

शनिवारी तिनं दोन पॉप्लरमध्ये एक तार टाकली,
मासेमारीचा दोरा, टोकाला शिसं, गोफणीनं.
झाडं निवडताना पुन्हा पावलं मोजली.
खिशातून फ्यूज काढून बसवला.
मनोरा बाहेर मुका,
चंद्रावर त्याची वाकडी बोटं.
बऱ्याच वेळानं कुणीतरी उत्तर दिलं,
अझोर्सकडचं, इतकं क्षीण
की ओरिस्यानं पंखा बंद केला, मग घड्याळाचा सेल काढला.
त्यानं आमचं नाव अर्धंच घेतलं.
तिनं पुन्हा दिलं. पुन्हा अर्धंच.
तिसऱ्यांदा तो नव्हता.

मी पट्टा खुंटीला टांगला.
टांगतानासुद्धा
एक आकडा आधी अडकवला,
मगच दुसरा सोडला.
नखातला गंज अजून निघालेला नाही.