मधली चित्रं

पहिल्या काळात बगळ्याला पापण्या होत्या.
डोक्यात तवा बसला की आधी पापणी लवायची,
मग टेंगूळ, टेंगळावर पिल्लू-टेंगूळ,
मागे चाळीस व्हायोलिनं.

दुसऱ्यात पैसे आटले.
बगळा बेडकामागे धावतोय
आणि तीच खिडकी, तीच कुंडी, तीच खिडकी.
पापण्या गेल्या.

तिसऱ्यात कुणाच्या तरी आया रागावल्या,
दोघांची दोस्ती झाली, गळ्यात बो.
तो काळ आम्ही धरत नाही.

चौथा महापेला.
रबराच्या कारखान्यावर दुसरा मजला, वास थेट डब्यात.
पहिलं चित्र तिकडून यायचं, शेवटचंही.
मधली आमची.
मी हरेश्वर केणी, दिवा कोळीवाडा :
कड्यापासून जमिनीपर्यंतचे सव्वीस कागद.

बगळा मला पाठ होता,
बाबांच्या जाळ्याशेजारी रोज उभा असायचा.
तिकडच्यांनी त्याचा गुडघा
माणसासारखा पुढे वळवलेला.
मी एकदा मागे वळवला.
कागद परत, लाल पेन्सिल मारून.

नियम एकच होता :
कडा संपला तरी चालत राहायचं,
खाली बघितलं की पडायचं.
शटर ओढलं त्या सोमवारीही
आम्ही नऊ जण टोकं काढत बसलो होतो.

पाचवा काळ भाची मोबाइलवर बघते.
गुळगुळीत, सगळ्याला सावली.
मी तिला आमचा लावून देतो, मध्येच थांबवतो.
हा बघ, चौदावा कागद. माझा.
नीट बघ, पापणी आहे.
चोरून काढलेली.

ती म्हणते, मामा, चालू कर ना.
पडू दे त्याला.