तीन फूट

शाळेत चाळीस फूट होतं.
कॉलेजात त्रेचाळीस.
दुधवडे मॅडमनी फोनवर एवढंच सांगितलं,
वर म्हणाल्या, ट्रायल दहा जूनला,
तोवर खांदा सांभाळ, आणि अंडी खा.

आईचा टेप साठ इंची.
कन्नमवार नगरात, रिकाम्या केलेल्या
एकशे बारा नंबरच्या मागे
भिंतीपासून तो आठदा टाकला
की शाळा संपते.
मग उरतात छत्तीस इंच.
"छत्तीस," आई खडूची रेघ मारत म्हणाली,
"आपल्या दोघींचा आकडा."
तिला वाटतं, नुसतं बी.कॉम. करावं,
सोबत टॅली.

भिंतीवर गेरूची चौकट काढली,
खालची रेघ माझ्या गुडघ्याला, वरची काखेला.
सकाळी साडेसहाला, ऊन तापायच्या आत,
दीडशे चेंडू.
हात अख्खा गोल फिरतो,
मांडीपाशी मनगट सुटतं.
क्रिकेटवाली पोरं हसायची,
अंडरआर्म तर आम्ही लहान भावाला टाकतो.
सुफियानने एकदा बॅट घेतली.
तीन चेंडू.
तेव्हापासून गटारात गेलेला बॉल तोच काढून देतो.

पहिले पंधरा दिवस
माझे सगळे चेंडू त्या शेवटच्या तीन फुटांत मेले.
चौकटीच्या वीतभर खाली,
जणू कुणी खांद्यावर हात ठेवून
बस गं, म्हणत होतं.
मग एका गुरुवारी
बरोबर मधोमध गिलावा उडाला.
मी कुणाला सांगितलं नाही.

सोमवारी भिंत नव्हती.
निळे पत्रे, पोकलेन, धूळ,
आणि ढिगात एका विटेवर
गेरूचा एक कोपरा.

घरी आले तर आईने मशीन थांबवली.
लग्नाचे चौदा ब्लाउज कापून पडलेले.
"आज किती टाकायचे राहिलेत?"
"सगळे."

आता ती पाटावर बसते, पाण्याच्या टाकीपाशी,
डाव्या हातात मॅडमचा उसवलेला ग्लव्ह
(तिनेच टाके घातलेत, चपलेच्या दोऱ्याने),
उजवा हात पाठीमागे.
तेवढं मी पहिल्याच दिवशी बजावलं.
त्या बोटांवर माझी फी आहे.

म्हणून मी हळू टाकते.
तिला कळतं.
सूतभर कमी शिवलेली बाही जिला लांबून दिसते
तिला हे कळणार नाही?
"मी काय काचेची आहे?"
उठते, पाट उचलते,
टेप न लावताच
आणखी मागे नेऊन ठेवते.

रात्री हुक लावताना
तिचा डावा तळवा दिव्याखाली लाल दिसतो.
मी बघते आहे हे बघून ती म्हणते,
"उद्या जरा वर टाक.
सारखं वाकून कंबर भरते माझी."