भोकांड

ग्रिम्सबीत एप्रिलचा दुसरा रविवार.
वारा आहे, पण कपडे पळवून नेण्याइतका नाही.
बादलीत कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे चार थेंब,
हेरंबचा फाटका बनियन
आणि निवृत्त झालेला एक टूथब्रश.

आठवडाभर क्लिनिकमध्ये लोकांच्या हिरड्या खरवडते,
सुट्टीच्या दिवशी खिडकीच्या.
हसू नका, सारखंच असतं ते.
पांढरी चौकट, तिला रबराची कड,
कडेखाली दबा धरून बसलेली काळी बुरशी,
आणि वर ‘रोज साफ करतो हो’ म्हणणारं तोंड.

जानेवारीत याच खिडकीखाली भिंत ओली झाली होती.
तो म्हणाला, तुझ्या भाताची वाफ.
मी म्हणाले, तुझी अर्ध्या अर्ध्या तासाची अंघोळ.
मग रेडिएटरवर वाळणारे मोजे निघाले,
मग त्याची बहीण निघाली, तिचा काय संबंध?
शेवटी तो म्हणाला,
या घरात श्वास घेता येत नाही.
घरात, म्हणाला. मी ऐकलं ते वेगळंच.
तेव्हापासून आम्ही फार नीट वागतोय.
दूध संपलं की सांगतो. थँक यू म्हणतो.

शेजारचा टेरेन्स कुंपणावर कोपर टेकून बघतोय.
एकतीस वर्षांपूर्वी या खिडक्या त्यानेच बसवल्या,
त्यामुळे माहेरच्या माणसासारखा लक्ष ठेवून असतो.
मी तारेची घासणी उचलली तसा ओरडला,
नको! ओरखडा पडला की मळ तिथे बिऱ्हाड करतो.
ब्लीच रबराला नको. बिजागरीला तेलाचा एकच थेंब.
इथे समुद्राचं मीठ सगळं खातं, पोरी.
(मी एक्कावन्न वर्षांची आहे.)

दक्षिणेकडची चौकट पिवळट पडलीय.
इथलं ऊन म्हणजे लांबचा पाहुणा,
पण तोही एवढ्या वर्षांत डाग ठेवून गेलाच.
मी घासते, घासते.
टेरेन्स म्हणतो, सोड. तो मळ नाही, वय आहे.

सांगलीच्या आमच्या खिडक्या सागवानी होत्या.
हवा दमट झाली की फुगायच्या, करकरायच्या,
दोन बुक्क्या मारल्याशिवाय उघडायच्या नाहीत.
रागावल्यात हे निदान कळायचं तरी.
ही प्लास्टिकची बाई कधी चेहराच बदलत नाही.

मग टेरेन्सने विचारलं, रडायची भोकं साफ केलीस?
कसली?
चौकटीच्या तळाशी, बाहेरच्या अंगाला,
दोन बारीक चिरा. इतक्या बारीक
की नऊ वर्षांत मला दिसल्या नाहीत.
आत शिरलेलं पाणी तिथून जातं, म्हणाला.
बुजली, तर मग आतल्या भिंतीत.

भोकं. रडायची.
भोकांड, म्हणाले मी, मोठ्याने, मराठीत,
आणि एकटीच हसत सुटले.

काडेपेटीची काडी घातली, मोडली.
मग केसातला आकडा काढला, सरळ केला,
हळूच फिरवला, मुळाशी पोचावं तसा.
शेवाळाची गोळी आली. एक वाळका लेडीबर्ड.
जरा वेळ काहीच नाही.
आणि मग काळं पाणी,
आधी थेंब, मग बारीक धार,
विटांवरून ओघळत कुंडीच्या मागे.
बराच वेळ. एवढीशी चौकट,
कुठे ठेवलं होतं हिने एवढं?

हेरंब कचऱ्याचा डबा ओढत आला, थांबला.
धारेकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं.
भात नव्हता तर, म्हणाला.
अंघोळही नव्हती, म्हणाले.

वरच्या मजल्यावर अजून चार खिडक्या आहेत.
त्याने डबा तिथेच सोडला,
हात पँटला पुसले
आणि माझ्या केसांकडे बघत विचारलं,
आणखी एक आकडा आहे का?