शून्य, शून्य, मागे चार

सोहार. शुक्रवार दुपार. एसी बंद करायचा नाही,
गरम झालं की ॲल्युमिनियम शब्द फिरवतं.
स्पिंडलच्या जबड्यात वाकवलेली सळई,
सळईच्या टोकाला डायल,
आणि मी फिरवतोय हातानं, श्वास धरून.

पुढे शून्य. उजवीकडे शून्य. मागे चार. डावीकडे
सुई थरथरते: खालून पाण्याचा टँकर गेला.
थांबतो.

परवा पाटावरून नख फिरवून इद्रिस म्हणाला,
हा कॅरम, की पत्र्याचं छप्पर?

पेप्सीच्या डब्याची पट्टी घातली, जाड झाली.
मग सिगारेटच्या पाकिटातली चांदी.
(मी ओढत नाही. चांदी इद्रिसची.)
स्क्रू आवळला की सगळं पुन्हा हलतं.
कामावर हेच लेझरनं करतो, पगारी,
तिथं कधी हात ओले झाले नाहीत.

इमारतच मुळात कललेली; गोटी सोडली
तर दारापर्यंत जाते.
पण सुईला जमिनीशी देणंघेणं नाही,
ती एवढंच विचारते:
फिरून आलास, आता तिथंच आहेस ना?

रात्री पहिला काप.
नख फिरवलं. कुठंच अडलं नाही.
इद्रिस केव्हाचा पावडर शोधतोय.